मातीची वळी

एम.टेक.ला असताना एक प्रयोग असायचा. ओल्या मातीची शेवईसारखी वळी काचेवर तळहाताने वळायची आणि तीन मिलिमीटर जाडीला तिला तडे गेले की तिच्यातली ओल मोजायची. त्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले आणि माझी वळी काही केल्या तडकेना. प्रयोगशाळेतले मामा हळूच म्हणाले, "मॅडम, हात पुसा. तुमचा घाम मातीत जातोय."

पुसले. पुढच्याच वळीला तडे गेले. भीती माझी होती, ओल मात्र मातीच्या नावावर जात होती.

आता बांधकामाच्या साइटवरही तपासायची माती उचलण्याआधी मी ओढणीला हात पुसते. आधी आपलं पाणी बाजूला ठेवायचं, मग तिचं मोजायचं.