बेटावरच्या लेकीला मूळ

रिंग रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटनं फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "फरवा जाओ छो ने, बेन?" फिरायलाच जाताय ना? मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार, कपाळ? त्या फॉर्मवर पर्यटन होतं, धंदा होता, शिक्षण होतं, औषधोपचार होता. लेकीला सासरहून घेऊन यायला जाते, अशी चौकट जगातल्या कुठल्याही देशानं छापलेली नाही. मी पर्यटनावर खूण केली. सेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, पालिकेच्या मराठी शाळेत शिकवणारी बाई उन्हाळ्याच्या सुटीत एकटीच कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर हवा खायला निघाली आहे, यावर त्याचा विश्वास बसला की नाही देव जाणे. तो नुसता म्हणाला, "सरस जगा छे." छान जागा आहे.

छान असेल. माझी धाकटी बहीण तिथे नऊ वर्षं राहते. बेटाचं नाव मायला कधी धड म्हणता आलं नाही, ती नुसतं 'ते गाव' म्हणते, आणि मीही इथे तेवढंच म्हणते. ते गाव म्हणजे एक बंदर, बंदराला लागून एक लांबट रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याहिऱ्यांची दुकानं. सकाळी पर्यटकांच्या इमारतीएवढ्या बोटी लागतात, माणसं उतरतात, अंगठ्या बोटात घालून बघतात. संध्याकाळी बोटी जातात आणि शटर खाली येतात. बहिणीचा नवरा आधी इथे सुरतेतच हिरे निवडायच्या कामाला होता. तिथल्या एका दुकानात त्याला नोकरी मिळाली, आणि जाण्यापूर्वी घाईघाईनं लग्न झालं. लिंबायतीत आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. 'लेक फॉरेनला दिली' हे माय भाजीवाल्यालासुद्धा सांगत सुटली होती. बापानं उभा जन्म लूमवर काढलेला, कान गेलेले, त्याला वाटलं एका तरी पोरीचं नशीब उघडलं. दोन वर्षांत तो गेला. तेव्हा बहीण एकदाच आली, तेराव्यापर्यंत राहिली आणि परत गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पण आपल्या पायानं येत नाहीत, त्यांना मूळ लागतं. माहेरचा माणूस न्यायला जातो. त्याला मुराळी म्हणतात, आमच्या घरात अहिराणीत मुराई. माझा बाप दर वर्षी सुरतेच्या उधना स्टेशनातून गाडीत बसून आत्याला आणायला दोंडाईच्याला जायचा. आत्याची सासू महाखाष्ट, पण मुराई दारात उभा राहिला की तीही गपगुमान सुनेची पिशवी भरून द्यायची. लहानपणी मला हे सगळं थोतांड वाटायचं. तुला काय रस्ता माहीत नाही का, असं मी आत्याला तोंडावर विचारलं होतं. आत्या म्हणाली, "बाई, एकली गयी ते पयी गयी. लेवाले उनात ते माहेरले गयी." एकटी गेली तर पळून गेली, घ्यायला आले तर माहेरी गेली. मी हसून सोडून दिलं. तेव्हापासून मला हसायची वाईट खोड आहे.

चार वर्षांपूर्वी, चैत्रात, बहिणीचा फोन आला. आमच्याकडे साडेचार वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सात असतात. बोट असेल त्या दिवशी तिचा नवरा शोकेस लावायला लवकर दुकानात जातो, तेवढाच वेळ ती मोकळं बोलते. त्या दिवशी इकडचं तिकडचं झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "ताई, औंदा आखाजीले माले लेवाले कोन येई?" यंदा आखाजीला मला घ्यायला कोण येईल?

मी पेपर तपासत होते. मला हसूच फुटलं. "अगं, तुला काय दोंडाईच्याला दिलीय?" म्हटलं. "एवढी फॉरेनची बाई तू, तिकीट काढ आणि ये की!"

तीही हसली. "हो ना, येडीच शे मी," म्हणाली, आणि माझ्या वर्गातल्या पोरांचं विचारत बसली. मायला मी हे सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळी शाळा जाणते. कान पण नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली. तिकडे दवाखाने चांगले आहेत, म्हणून बाळंतपण तिकडेच, असं जावयानं कळवून टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून माय दोन दिवस रुसली, मग डिंकाचे लाडू करायला बसली. ते न्यायला कुणी माणूस मिळाला नाही. शेवटी आम्हीच दोघींनी खाल्ले.

गेल्या वर्षी सुरतेतल्याच भेस्तानहून एक बाई आमच्याकडे आली. ओळख ना पाळख. तिचा नवरा त्या गावात शेजारच्या दुकानात होता, आता ते कायमचे परत आले होते. चहा झाला, फोटो बघून झाले, तरी ती उठेना. माय पाणी भरायला मागे गेली तशी ती माझ्याकडे सरकली. "ताई, तुमच्या बहिणीला घेऊन या."

"का? काय झालं?"

"ते ती सांगणार नाही. तिच्या दंडावरचे वळ मी पाहिलेत. पासपोर्ट तो दुकानाच्या तिजोरीत ठेवतो. आणि तिथे सगळ्यांना सांगतो, हिला माहेर नाही. इतक्या वर्षांत कुणी आलंय का, विचारा म्हणतो."

कुणी गेलंच नव्हतं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. चैत्रातला तो फोन मला तेव्हा आठवला. आमच्याकडची लेक 'मला मारतात' असं सांगत नाही. 'मला घ्यायला या' एवढंच सांगते. ते समजायला खानदेशात जन्म घ्यावा लागतो, आणि मी तर तिथल्याच आईबापाच्या पोटी आलेली.

मायला मी भेस्तानच्या बाईचं सगळं सांगितलं. फोनचं नाही सांगितलं. माय रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. "मुराई धाड," म्हणाली.

"कोणाला धाडू? भाऊ आहे का आपल्याला?"

"तू शे ना."

झालं. मी मुराई झाले, आणि बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसा माझा उद्योग सुरू झाला. पासपोर्ट काढला. पोलीस घरी येऊन गेला, कशाला जाता म्हणाला, त्यालाही फिरायला सांगितलं. शाळेच्या कचेरीतून परवानगीचा कागद मिळवायला चार चकरा मारल्या. तिकडे थेट विमान नाही. आधी मुंबई, मग युरोपातलं एक शहर, मग बेट. एजंट म्हणाला, रोज काय बघणार ते लिहून द्यावं लागेल. मी पालकसभेचं इतिवृत्त लिहितात तशी ओळीनं लिहून काढली मौज: पहिल्या दिवशी बंदर, दुसऱ्या दिवशी टेकडीवरचा जुना किल्ला, तिसऱ्या दिवशी मिठागरं, चौथ्या दिवशी समुद्रस्नान. मला पोहता येत नाही. यातल्या प्रत्येक जागेहून बहिणीचं घर चालत किती मिनिटं, एवढंच मी फोनवरच्या नकाशात बघत होते.

त्या बंदरात कुठल्या दिवशी किती बोटी लागणार, याचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. ते मी पाढ्यासारखं पाठ केलं. ज्या दिवशी तीन बोटी, त्या दिवशी जावयाला सकाळपासून काउंटर सोडता येणार नाही. तोच दिवस धरून मी परतीचा बेत आखला. तिजोरीतल्या पासपोर्टचं काय करायचं, ते तिथे गेल्यावर बघणार होते. मायला समजावून सांगितला, तर ती माझ्यावरच खेकसली. "चोरी कराले चालनी का? मुराई मांगला दारथून येत नही." मागच्या दारानं म्हणे मुराई येत नाही. पुढच्या दारानं जायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि लेकीला माहेरी न्यायला आले म्हणून सांगायचं. मी म्हटलं, अगं बाई, हा नंदुरबार जिल्हा नाही. पण ती ऐकेना. शेवटी बोट नसलेला, जावई घरी असेल असा दिवस शोधला. मे महिन्यात तिकडे बोटी कमी असतात, असे दिवस भरपूर होते.

मग खरी गंमत पुढे आली. कुणाच्या घरी उतरणार असाल, तर त्या घराच्या मालकानं बोलावल्याचं पत्र लागतं. म्हणजे ज्याच्या दारातून लेक बाहेर काढायची, त्यानंच मला या म्हणायचं. चार दिवस मी फोन उचलायची आणि ठेवायची. अखेर लावला.

"या ना ताई, या!" जावई म्हणाला. आवाज कसा, साखर घोळलेला. "पंधरा दिवस काय, महिनाभर राहा. फिरा."

तिसऱ्या दिवशी सहीचं पत्र आलं. मी मायला म्हटलं, माणूस वाटतो तेवढा वाईट नसेल ग. मला बाई हलकंच वाटलं. माय तर गल्लीभर सांगत फिरली, यंदा लेक येणार, आखाजी उलटून गेली तरी चालेल, पण येणार. ज्वारीच्या पिठाचे बिबडे झाले, कुरडया झाल्या, काळा मसाला कुटून झाला. नातीसाठी तिनं दोन फ्रॉक आणले, अंदाजानं. साडेतीन वर्षांची पोर केवढी असते ते आम्हा दोघींनाही आठवत नव्हतं.

व्हिसा हातात पडला त्या मंगळवारी बहिणीचा फोन आला. मी फिरायला येते एवढंच तिला माहीत होतं, नवऱ्यानं सांगितलेलं. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "मी फिरायला येत नाही. मी तुले लेवाले येसू."

मागे पोर इंग्रजीत काहीतरी मागत होती. मग बहीण म्हणाली, "ताई, पोरीचे कागद, पासपोर्ट इथले आहेत. बापाच्या सहीशिवाय तिला विमानात बसू देत नाहीत. मी दोनदा जाऊन विचारून आले."

"मग सही घेऊ. बघतेच मी कसा देत नाही ते!"

"हे मला रोज म्हणतात, तू जा ना, तुला कुणी धरलंय? पासपोर्ट देतो, पोरीला ठेव आणि जा."

तेव्हा कुठे त्या तीन दिवसांत आलेल्या पत्राचा अर्थ मला लागला. मुराई आली काय, गेली काय, त्याला कशाची भीतीच नव्हती. मला काय झालं कोण जाणे, मी बहिणीवरच ओरडले. "मग हे आधी का नाही सांगितलंस? तोंड होतं ना तुला?"

"सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं. "त्या आखाजीला. तेव्हा ती पोटात होती. तिसरा महिना होता. तेव्हा मी एकटीच होते ना, कुणाची सही लागली नसती."

तीच मग माझी समजूत घालायला लागली. "तू ये पण. आपण फिरू. तो किल्ला मी पण अजून पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी मी एका वकिलाकडे जाऊन आले. तिथल्या कोर्टात जावं लागेल, वर्षं जातील, आणि तोवर तिला त्याच घरात राहावं लागेल, असं तो म्हणाला. मी जाणार आहे. पंधरा दिवस राहीन, त्या माणसाच्या समोर रोज बसेन, गावाला दिसू तरी दे की हिला माहेर आहे. पण एकटीच परत येईन, हे मला इथूनच दिसतं आहे.

मायला सांगणं भाग होतं. ती गच्चीवर वाळलेले बिबडे डब्यात भरत होती. तिच्याजवळ बसून मी पोरीच्या पासपोर्टचं सांगितलं, सहीचं सांगितलं, वकिलाचं सांगितलं. ती ऐकत होती आणि भरत होती. मग चार वर्षांपूर्वीच्या फोनचंही सांगितलं. आता ते पोटात ठेवून मला विमानात बसवलं नसतं.

मायचा हात थांबला. "तिनी लेवाले या, असं सांगं व्हतं?"

"हो."

"आनि तू हासनी."

"हो."

ती मला काहीबाही बोलेल, शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून बसवलं.

"माले सांगती ते मी पायी गयी असती," म्हणाली.

माय आजवर सुरत स्टेशनच्या पलीकडे एकटी गेलेली नाही. पण चालतसुद्धा ती निघाली असती, हे मला माहीत आहे.