अकरा सेकंद उभा राहणारा चमचा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला माझ्याकडे नेहमी चांगली कारणं असत. आधी सोसायटीतली माणसं रोज जिन्यात भेटत होती, मग बायकोचं आजारपण निघालं, मग माझ्याच छातीत दोन स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. आता जिन्यातली निम्मी माणसं मोठे फ्लॅट घेऊन रावेतला गेली, बायको गेली, आणि छाती डॉक्टरांच्या मते ठणठणीत आहे. कारणं संपली. तेव्हा सांगूनच टाकतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात दर दुसऱ्या गल्लीत एखादा हट्टी मशिनिस्ट राहतो, पण माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या टूलरूमवाल्याइतका तर्कट माणूस या पट्ट्याने पाहिलेला नाही, आणि त्याच्याशी जितक्या हलकटपणाने मी वागलो तितकं दुसरं कोणी वागलेलं नाही.

आम्ही दोघं भोसरीतल्या एकाच कंपनीत होतो. तो टूलरूममध्ये, मी क्वालिटीत. तो बनवायचा आणि मी नापास करायचो, या पायावर आमची मैत्री उभी होती. त्याची बायको गेल्यावर पिंपळे गुरवमधला माझ्या समोरचा फ्लॅट मीच त्याला भाड्याने मिळवून दिला. कंपनीने त्याला एकदा एक मशीन शिकायला चार महिने जर्मनीला पाठवलं होतं. तिकडून लोक चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात, निदान विमानातले चमचे तरी आणतात. हा एक सूप घेऊन आला. तिथल्या कँटीनमधल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने शिकवलेलं. वाटाण्याची हिरवी डाळ, गाजर, बटाटा, कांदा, तमालपत्र आणि हॅम, म्हणजे मिठात मुरवून धुरावर धरलेलं डुकराचं मांस, हाडासकट. मशीनबद्दल तो काय शिकला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते बहुतेक वेळ बंदच असे.

या सूपाला कोणी डाळ म्हटलं की तो दुखावायचा. एकदा मी चुकून म्हणालो, "आपल्या आमटीसारखंच लागतं रे." त्यावर त्याने पळी खाली ठेवली आणि म्हणाला, "इन्स्पेक्टर, लेथला चरखा म्हणालास तरी चालेल, पण हे बोलू नकोस." सूपासाठी त्याने रीतसर कागद केला होता. त्यात पायऱ्या, वेळ, माप, सगळं. गाजराचे तुकडे दहा मिलिमीटर, अर्धा इकडे किंवा तिकडे. ते तपासायला त्याने टूलरूममध्ये स्टीलचं एक गेज बनवून घेतलं होतं, दोन भोकांचं. एका भोकातून तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. गाजराला इतकी शिस्त लावणारा हा माणूस स्वतःच्या शर्टाची बटणं मात्र एक घर सोडून लावायचा आणि दोन पायांत दोन चपला घालून भाजी आणायला जायचा. हॅम आणायला तो दोन बस बदलून पुण्याला, कॅम्पात जाई. सोबत बर्फ भरलेला डबा असे, आणि डब्यावर लाल अक्षरांत 'काळजीपूर्वक हाताळा'. एकदा कंडक्टरने विचारलं, "काका, यात औषध आहे का?" तर म्हणाला, "नाही, त्याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे." कंडक्टरने त्याला उठून स्वतःची जागा दिली. अवयवदानाच्या गाडीसारखा हा डबा मांडीवर धरून घरी आला.

कुकरला त्याच्या घरात बंदी होती. शिट्टी म्हणजे घाई आणि घाई म्हणजे रिजेक्शन, असं त्याचं मत. रात्रभर भिजवलेली डाळ, हाड आणि भाज्या जाड बुडाच्या पातेल्यात घालून तो तीन तास मंद आचेवर ढवळत बसायचा. गॅसशेजारी स्टूल, स्टुलावर हा, गळ्यात स्टॉपवॉच. डाळ विरघळून पातेल्यात लगदा झाला की हाड बाहेर काढायचं, त्याचं मांस सोडवायचं आणि परत आत टाकायचं. आणि मग परीक्षा. वाडग्यात सूप घेऊन मधोमध चमचा उभा करायचा. चमचा अकरा सेकंद उभा राहून मग कलला पाहिजे. दहाला कलला तर सूप पातळ, बाराला कलला तर सिमेंट. "अकराच का?" असं मी विचारलं होतं. म्हणाला, "त्या आचाऱ्याचा अकराला कलायचा." या उत्तरावर वाद घालता येत नाही.

एवढं करून तो ते खायचा का? नाही. कारखान्यात सेटिंग बदललं की निघालेला पहिला पीस क्वालिटीने पास केल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, हा नियम. बनवणाऱ्याने आपलाच माल आपण पास करायचा नसतो. त्यामुळे पहिला वाडगा माझा. मी खायचा, छापील तपासणी अहवालात चमच्याचे सेकंद लिहायचे, शेऱ्याच्या रकान्यात शेरा द्यायचा, सही करायची, आणि मगच हा स्वतःसाठी वाढून घ्यायचा. मी गावाला गेलो तर पातेलं झाकून ठेवून माझी वाट बघायचा आणि पोळीला लोणचं लावून खायचा. एकदा मी गंमत म्हणून 'नापास' लिहिलं. त्याने सगळं सूप पुन्हा गॅसवर चढवलं, आणि मी "अरे, थट्टा केली" म्हणालो तेव्हा त्याने अहवाल माझ्यासमोर धरला. "थट्टा या कागदावर करायची नाही राव. हा रेकॉर्ड आहे."

आता माझी बाजू सांगतो. ती फार लांब नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मी 'बाहेर खाणारा' होतो, म्हणजे उंबऱ्याच्या आत शाकाहारी. माझ्या हिशेबाने समोरचं दार हे बाहेर होतं. अडचण वाराची होती. आमच्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे याचं सूप गुरुवारी. आणि घरच्या आग्रहाने मी दर गुरुवारी उपवास धरत होतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी खायची, देवाला उदबत्ती लावायची आणि "जरा समोर पेपर वाचून येतो" म्हणून जायचं. असा उपवास मी बारा वर्षं केला. त्यात माझं नऊ किलो वजन वाढलं. बायको म्हणायची, "तुम्हाला उपवास मानवतो."

निवृत्त झाल्यावर तरी वार बदल, असं मी त्याला सुचवलं. "रविवारी कर ना, सगळे घरी असतात." त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रविवार कामाचा वार आहे." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हा माणूस रविवारी सकाळी सातला आंघोळ करून तयार होऊन बसायचा आणि गुरुवारी उशिरा उठायचा.

अशाने एक दिवस व्हायचं ते झालं. मार्गशीर्षातला गुरुवार होता. बिल्डिंगमध्ये घरोघरी पूजा मांडलेल्या, कलश, पाच फळं, बायका नटूनथटून कहाणी वाचताहेत, आणि आमच्या मजल्यावरून धुरावलेल्या हॅमचा तो भरदार वास उतरत खाली चाललेला. आधीही कुरबुर होत होतीच. या वेळी मीटिंग लावली. याचा अकरा महिन्यांचा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता आणि सोसायटीने हरकत घेतली तर मालक तो पुढे वाढवणार नव्हता. म्हणजे प्रश्न वासाचा नव्हता. हा माणूस समोरच्या दारात राहणार की नाही, हा होता.

मीटिंग पुढच्या गुरुवारी, पार्किंगमध्ये, दुपारी चारला. हा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं बरोबर लावून, काखेत जाड फाइल. ती फाइल मी लांबूनच ओळखली. बारा वर्षांचे अहवाल, प्रत्येकावर माझी सही, आणि शेजारच्या खुर्चीत माझी बायको.

पहिल्यांदा उठले ते तळमजल्यावरचे गॅरेजवाले चाचा. त्यांच्यासाठी हा दर वेळी हॅम न घालता वेगळं सूप करायचा. नवं पातेलं, वेगळी पळी, त्यावर हिरवी चिठ्ठी, हॅमच्या भांड्यांवर लाल. दोन्ही भांडी दोन टोकांच्या कपाटांत. चाचा म्हणाले, "मी ते खात नाही, सगळ्यांना माहीत आहे. तरी या माणसाच्या किचनमधलं मी डोळे मिटून खातो. बारा सालात एकदा चमचा इकडचा तिकडे झाला नाही. वास येतो तर खिडकी लावा ना भाऊ."

अध्यक्ष तसे समजूतदार होते. म्हणाले, "काका, तुम्ही सूप करा, आमची ना नाही. फक्त गुरुवार सोडा. शुक्रवारी करा. एवढं कबूल केलंत तर विषय इथेच संपला."

सगळ्यांना वाटलं, झालं. मला माहीत होतं की झालेलं नाही. कारण प्रक्रियेत बदल करायचा तर क्वालिटीची मंजुरी लागते. याने फाइल मांडीवर ठेवली, वरचा कोरा कागद सरळ केला आणि तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

अध्यक्षांनी त्याची नजर पाहिली. "तुम्ही समोरच राहता. तुम्ही सांगा ना यांना. तुम्हाला काही कल्पना आहे का या सूपाची?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी कधी चाखलंही नाही. आमचा तर गुरुवारी उपवास असतो."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण फाइल उघडल्याचा आवाज येईल म्हणून कान टवकारून बसलो होतो. आला नाही. ती फाइल नुसती पहिल्या पानाशी उघडली असती तरी माझ्या बारा वर्षांच्या उपवासाचं पारणं त्या पार्किंगमध्येच फिटलं असतं. फाइल परत काखेत घेऊन तो म्हणाला, "मग बदल मंजूर करणारं कोणी नाही. मला वार बदलता येणार नाही." लोक हसले, काही चिडले, अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. एवढ्या साध्या गोष्टीवर अडून बसणाऱ्या हेकट म्हाताऱ्याविरुद्ध हरकत एकमताने मंजूर झाली. एकमताने म्हणजे चाचा सोडून. माझा हात वर होता.

घरी आल्यावर बायकोने खिचडीचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"कसलं खोटं?"

"दर गुरुवारी तुमच्या मिशांना वास यायचा. मी म्हटलं, आज सांगतील. शुक्रवारला माझी काही हरकत नव्हती."

महिनाअखेरीस तो चाकणला, मुलीकडे गेला. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला गेलो, तर त्याने फक्त गेज माझ्या हातातून घेतलं. "हे मी खिशात ठेवतो. टेम्पोत धक्के बसतात."

काही महिन्यांनी मी चाकणला गेलो. गुरुवारी. बसमध्ये भोसरीपासून वाक्य पाठ करत होतो. मोशी येईपर्यंत ते चांगलं जमलं होतं, आणि चाकणच्या चौकात गाड्यांत अडकलो तेव्हा तर त्यात अलंकारही आले होते. त्याने दार उघडलं, बटणं एक घर सोडून लावलेली. "बरा वेळेवर आलास. तीन तास आत्ताच झाले." वाडगा आला, चमचा उभा राहिला, अकराला कलला. मग अहवाल आणि पेन. मी शेऱ्याच्या रकान्याकडे बघत राहिलो. रिकामा होता, चांगला दोन ओळींचा. बसमध्ये पाठ केलेलं सगळं त्यात मावलं असतं. मी लिहिलं, 'मीठ किंचित कमी', आणि सही केली.

त्याने चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे. मलाही घालतानाच तसं वाटलं होतं." मग स्वतःला वाढून घेतलं, आणि आम्ही जुन्या फोरमनला शिव्या देत खात बसलो. निघताना म्हणाला, "येत जा. इथे पास करायला कोणी नाही." मी येतो म्हणालो. गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या मुलीचा फोन आला, तेव्हा सगळं उरकलं होतं.

इतक्या वर्षांनी परवा ती स्वतः फाइल घेऊन आली. "काका, बाबा म्हणायचे, हे तुमचं रेकॉर्ड आहे." मी पानं उलटत गेलो. माझ्या सह्या, माझे शेरे, तो थट्टेतला 'नापास', ज्याच्यापुढे त्याने 'दुरुस्ती करून पुन्हा सादर' असं लिहून ठेवलं होतं. मीटिंगच्या गुरुवारचा कागदही होता. मीटिंग चारला, म्हणजे सकाळी त्याने सूप केलं होतं. वेळ भरलेली, गाजर पास, चमचा अकरा सेकंद. तपासणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या त्या सरळ, टूलरूमच्या अक्षरात एकच शब्द होता: 'गैरहजर'. त्या दिवशी मी पेपर वाचायला गेलो नव्हतो, भीतीने. आणि तपासणीशिवाय तो खात नसे. म्हणजे पार्किंगमध्ये माझ्याकडे बघत बसला होता तेव्हा तो उपाशी होता. आमच्या दोघांत खरा उपवास त्यालाच घडला होता.

शेऱ्याचा रकाना त्याने कोरा सोडला होता. तो भरायचा अधिकार त्याचा नव्हता. म्हणून काल, इतक्या उशिरा, मी त्यात लिहिलं. रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिलं. 'तपासनीस गैरहजर नव्हता. तिसऱ्या रांगेत बसला होता. माल बारा वर्षं पास होता, चाकणला मीठही बरोबर होतं. शुक्रवार मंजूर. चूक माझी आहे, राव, मला माफ कर.'