पायाची बाजू

स्वतःच्या पायाशी वाटाघाटी करणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो रहाटणीत आमच्या समोरच्या दारात राहतो. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण वापरात नाही. सगळे त्यांना लीडर म्हणतात. चिंचवडच्या ज्या कारखान्यात ते युनियनचे पुढारी होते, त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी हजेरी मांडत होतो. आता कारखान्याच्या जागी उंच उंच इमारती आल्या, मालक कुठल्या कुठे गेले, मॅनेजर पांगले. लीडरांच्या हाताशी मॅनेजमेंट म्हणून उरलो तो मी एकटा. त्यामुळे साऱ्या मॅनेजमेंटच्या वाट्याचं ते मलाच सुनावतात, आणि सुनावून झालं की पिशवी घेऊन आम्ही दोघं भाजी आणायला जातो.

जो काम थांबवेल त्याची बाजू बरोबर, हे लीडरांचं सगळं तत्त्वज्ञान. वॉचमन ड्युटीवर झोपलेला सापडला, की सोसायटीचे सेक्रेटरी ओरडायचे आणि लीडर म्हणायचे, "झोपला म्हंजे दमला असंल. कशानं दमला, ते इचारा आधी." एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत खजिनदार. ते आतून दार बडवत होते आणि लीडर बाहेर उभं राहून त्यांना लिफ्टची बाजू समजावून सांगत होते. एकदा तर वहिनींनीच चिडून स्वयंपाक बंद केला. दुसऱ्या कुणी नवऱ्याने हॉटेल गाठलं असतं नाहीतर आवाज चढवला असता. लीडरांनी बायकोला जाहीर पाठिंबा दिला, तिच्या मागण्या कशा रास्त आहेत ते जिन्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, आणि संप मिटेपर्यंत आमच्याकडे जेवले. आमच्या हिच्या आमटीत मीठ कमी आहे, हेही त्यांनी तेवढ्यात नोंदवून घेतलं.

अशा माणसाला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा पाय बसला. बोलण्यावर काही परिणाम झालेला नाही, असं डॉक्टरांनी आनंदाने सांगितलं तेव्हा वहिनींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

आमच्या भागात लोकांना पुन्हा चालायला शिकवणारं एक केंद्र नुकतंच निघालं होतं. काचेची दारं, भिंतीवर डोंगर चढणाऱ्या गोऱ्या माणसांचे फोटो, आणि हॉलच्या मधोमध 'आजवर एकही तक्रार नाही' असा मोठा फलक. लीडरांना मी गाडीत घालून तिथे नेऊ लागलो. त्यांना शिकवायला लातूरकडची एक मुलगी होती, वयाने त्यांच्या नातीएवढी, आवाजाने हेडमास्तरीणबाई. तिने पहिल्याच दिवशी त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं.

"काका, पायाला मनातल्या मनात सांगा, उचल म्हणून."

"म्हंजे हुकूम द्यायचा?" लीडर दुखावले. "जल्मात कुनाला हुकूम दिला न्हाई, पोरी."

"अहो काका, मग उचलंल कसा त्यो?"

"एक खाडा न करता इतकी वर्सं राबलाय बिचारा. आता बसला म्हंजे त्याचं कायतरी म्हननं असनार. ते ऐकून घ्या की."

पायाने संप केला होता आणि लीडरांनी जन्माची सवय म्हणून पायाची बाजू घेतली होती. मॅनेजमेंट होती ती लातूरची मुलगी. तिने फेऱ्या सांगितल्या, की हे त्या अर्ध्यावर आणत. वजन बांधायला निघाली, की मध्ये चहाची सुट्टी मागत. घरी करायचे व्यायाम त्यांनी सरळ फेटाळले, कारण काम घरी न्यायची पद्धत त्यांच्या युनियनमध्ये कधीच नव्हती. "काका, चालायलाव का नुसतं बोलायलाव?" असं ती कळवळून विचारायची. बघता बघता वारं साऱ्या हॉलला लागलं. गुडघे बदललेल्या एका आजींनी सायकल मारायला नकार दिला, आणि चाकणच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडलेला एक पैलवान दर तासाला विश्रांती मागू लागला. लीडर मात्र खुशीत असत. परतताना गाडीत मांडीवर थाप मारून म्हणत, "आज बी आपलंच खरं झालं बघा, मॅनेजमेंट."

डॉक्टरांनी एके दिवशी वहिनींना आणि मला बाजूला घेतलं. सुरुवातीचे हे महिनेच कामाचे असतात, ते असे गेले तर पुढे खुर्ची सुटणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वहिनी माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आल्या. गाडीच्या दाराला हात लावला आणि रडू लागल्या. "भावजी, जन्मभर हे करार जिंकत आले," त्या म्हणाल्या, "आणि आता हाही जिंकतायत." लीडर मागच्या सीटवर बसून वडापावची वाट पाहत होते.

मग एका दुपारी ती मुलगी लीडरांच्या पायाला पट्टा बांधता बांधता क्षणभर त्यांच्या खाटेच्या कडेवर टेकली. तिचे घोटे सुजलेले होते. दार वाजलं तशी ती ताडकन उभी राहिली.

"बस की," लीडर म्हणाले.

"नाही काका. हॉलमधी स्टाफनं बसायचं नाही. सर वर क्यामेऱ्यात बघतेत."

"दिसभर उभी?"

"ड्युटी संपंपर्यंत."

लीडर गप्प झाले. माझ्या आठवणीतली ही त्यांची पहिली शांतता. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली. अंगाने मोडलेल्या सगळ्यांना उभं करणाऱ्या मुली होत्या, आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची नव्हती. सर, म्हणजे केंद्राचे मालक, पहिल्या मजल्यावर बसत. तक्रारपेटीही तिथेच, आणि वर जायला फक्त जिना. आजवर एकही तक्रार का आली नाही, ते मला तेव्हा कळलं.

सरांना खाली बोलावतो, असं मी म्हणालो. लीडरांनी माझ्याकडे जुन्या नजरेने पाहिलं. "मालकाला खाली बोलावलं की त्ये उपकार होत्यात. शिष्टमंडळ वर जात आसतं."

दुसऱ्या दिवसापासून लीडर वेळेआधी हजर. फेऱ्या पुऱ्या, वर ओव्हरटाइम. घरी वहिनींचा खांदा धरून स्वयंपाकघर ते गॅलरी चालू झाले. पाय थरथरला, की त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. मी एकदा दाराआड उभं राहून ऐकलं: "हे बघ, तुजं म्हननं मला मान्य हाय. पन आता तुजं-माजं न्हाई. त्या पोरीचं काम हाय." त्या पायाने कुणाचंच ऐकलं नव्हतं, हे मात्र ऐकलं. ती मुलगी चकित होऊन औषधांचे गुण गात होती. तिला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, उगीच तिची नोकरी जायला नको म्हणून.

पुढे एका सकाळी लीडर जिना चढले. कठडा धरून, चांगला पाय आधी, मग तो दुसरा, प्रत्येक पायरीवर घामाघूम. मी काठी घेऊन मागे, माझ्यामागे वहिनी पदराचं टोक दातात धरून. सर त्यांना दारात पाहून इतके हरखले, की त्यांनी आधी मोबाइल काढला. "काका, तुमचा व्हिडिओ करू! जाहिरातीला काय दिसेल!"

"करू की," लीडर धापा टाकत बसले. "आदी आमी पेशंट लोकांची मागनी ऐका. शिकवनारं मानूस डोक्यावर उभं ऱ्हातं. वर बघून बघून आमच्या माना दुखत्यात. त्यांना खुर्च्या द्या. पाठ टेकायच्या. मग व्हिडिओ."

खुर्च्या आठवडा संपायच्या आत आल्या. व्हिडिओही निघाला. त्यात लीडर इतके खडूस दिसतात, की तो पाहून केंद्रात कुणी आलं असेल असं वाटत नाही.

आता संध्याकाळी आम्ही तिघं रहाटणीच्या रस्त्यावर फिरायला जातो. लीडर काठी टेकत पुढे. एकेकाळी मोर्च्यात त्यांच्यामागून चालणारी माणसं गावोगाव परतली, काही देवाघरी गेली, आणि आताच्या कंत्राटी पोरांना लीडर म्हणजे काय तेच ठाऊक नाही. कोपऱ्यावर ते थांबतात आणि मान वळवून मागे बघतात. पुढे चालणाऱ्याने शेवटचा माणूस सोबत आहे ना हे पाहायचं असतं, ही त्यांची सवय गेलेली नाही. मागे वहिनी असतात पाण्याची बाटली घेऊन, आणि मी. त्या वेळी त्यांचा चेहरा जरासा उतरतो, आणि मला फार वाईट वाटतं. पण ते लगेच काठी उचलतात आणि सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "चला, मागं कुनी ऱ्हाऊ नका!"

आम्ही दोघं भराभर पाय उचलतो.