वेरूळच्या आधीची सोपी गुहा

आमच्या सोलापुरात गुहा नाहीत. डोंगरच नाही, तर गुहा येणार कुठून?

तरी लग्न झाल्यापासून मला वेरूळची लेणी दाखवायचं वचन होतं. हे शाळेत इतिहास शिकवत आणि वेरूळ असं रंगवून सांगत, की पोरं मला रस्त्यात गाठून विचारत, "काकू, तुम्ही तर पाहिलं असेल?" (काकूंनी माढ्यापलीकडचं काही पाहिलं नव्हतं.) त्या दिवाळीच्या सुटीत मी हट्टच धरला.

"वेरूळ एकदम झेपत नाही," हे म्हणाले. "आधी जवळची, सोपी गुहा बघावी. वाकून चालायची, अंधारात वावरायची सवय होते."

"स्वयंपाकघरात मी दुसरं काय करते?"

"चेष्टा नको. अशी एक गुहा सापडू दे, की लगेच वेरूळ. शब्द देतो."

शब्द मिळाला म्हणून मीच शोधाला लागले, आणि तिथंच चुकलं. माढ्याजवळच्या खेड्यात माझी थोरली नणंद दिलेली. वन्सं मागे एकदा म्हणाल्या होत्या, की आमच्या परसात जमिनीखाली खोली आहे, माणूस आत उभा राहील एवढी. मी ते यांच्या कानावर घातलं.

"भिक्षूंची कोठडी," हे म्हणाले. आम्ही दुसऱ्या दिवशी वन्संच्या दारात हजर!

वन्सं करंज्या तळत होत्या. त्यांना कशाला त्रास, म्हणून आम्ही दोघंच परसात गेलो. जमिनीत एक दगडी झाकण होतं, कडेनं लिंपलेलं. "प्राचीन लेप," म्हणत यांनी तो पहारीनं खरवडला. (लेपाला शेणाचा वास होता. मी बोलले नाही. वेरूळ जवळ आलं होतं.) मग विहिरीचा दोर यांच्या कमरेला बांधला, त्याचा एक वेढा लिंबाच्या खोडाला घातला, टोक मी धरलं, आणि हे उतरले.

"आत चांगलं रुंद आहे," खालून आवाज आला. "गवताची शय्याही आहे."

"आंबूस वास येतोय हो."

"जुन्या वास्तूंना येतोच. आता ही भिंत पाहिलीस तर..."

आणि गप्प. इतक्या वर्षांत यांनी वाक्य अर्ध्यावर टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बोंब ठोकली.

वन्सं झारा घेऊनच धावत आल्या. "अगं, ज्वारीचं पेव उघडलंत? कुणाला विचारून?"

"पेव?" सोलापुरात ज्वारी दुकानातून पोत्यात येते. त्याआधी ती कुठं राहते, याची मी कधी चौकशी केली नव्हती.

"उघडल्यावर दिवसभर वारा लागू देतात. मग कंदील सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही, आत जीव जातो. कंदील सोडलात का?"

"नाही. एकदम यांनाच सोडलं."

वन्संचा गडी धावला. "वैनी, वढा. लई जड हायती की मास्तर."

ओढून काढले. पाणी मारलं, वारा घातला, तेव्हा कुठं डोळे उघडले. माझा जीव भांड्यात पडला. पहिला शब्द काढला तो असा, "आत आणखी एक दालन असावं."

"आहे," वन्सं म्हणाल्या. "गवताखाली. ज्वारीचं."

आता उघडलेलं पेव पुन्हा बंद करता येत नाही म्हणे. दमट हवा शिरली की दाणा सडतो. म्हणजे सगळी ज्वारी वर काढून उन्हात घालायची. वन्संनी मला दुसऱ्या दिवशी टोपली दिली आणि कंदील सोडून झाल्यावर मलाही सोडलं. सुटी संपत आली तरी मी ज्वारीत गुडघ्यापर्यंत उभी होते.

आणि हे? वैद्यांनी मोकळी हवा सांगितली. यांचे एक स्नेही वेरूळला निघालेच होते. हवापालट म्हणून हे त्यांच्याबरोबर गेले. जाताना म्हणाले, "तुझं इथलं आवरलं असतं, तर तुलाही नेलं असतं."

परत आले ते तजेलदार होऊन. अंगणात ज्वारी पसरली होती, तिच्या कडेला बसून कैलास लेण्याचं वर्णन करू लागले. मी भरलेली टोपली घेऊन समोर उभी. मनात चांगली झणझणीत वाक्यं तयार होती, आठवडाभर पेवात उभी राहून एकेक घोटलेली.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "तिथं जेवणाचे हाल नाही ना झाले?"