धावजी मुकादमाची पागडी

यवतमाळात त्या काळी कापसाची सरकी काढायची जिनं बरीच होती आणि मुकादमही बरेच होते, पण पागडी म्हणावी अशी एकच, धावजीची. तांबडी, ऐसपैस, एका बाजूला जराशी कललेली. फाटकातून आत येताना धावजी मान वाकवायचा. फाटक चांगलं बैलगाडी जाईल एवढं उंच होतं, तरी वाकवायचा. जिनातल्या बाया म्हणायच्या, रुईच्या गाठी उन्हात आणि मुकादम सावलीत, कारण मुकादम स्वतःची सावली डोक्यावर घेऊन हिंडतो.

धावजी कळंबच्या वाटेवरच्या बंजारा तांड्यातला. बापाने बैलांच्या पाठीवर मीठ घालून मुलूख पालथा घातला होता. धावजीच्या वाट्याला बैल आले नाहीत, माणसं आली. दिवाळी झाली की तो तांड्यातली माणसं जिनात आणायचा आणि कापूस सरला की परत न्यायचा. बापानेही हेच केलं, फक्त त्याचं मीठ बोलत नव्हतं, असं तो म्हणायचा.

माणसं आणायची त्याची रीत मालकाला कधी कळली नाही. दुसरे मुकादम घरोघर फिरून एकेकाला गाठायचे, गोड बोलून गाडीत घालायचे. धावजी कोणाच्या दारी जात नसे. तो सरळ तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर जाऊन बसायचा. नायक भावसिंग चिलीम भरायचा, चार म्हातारे गोळा व्हायचे, अर्धा वेळ बैलांच्या आणि सोयरिकीच्या गोष्टी चालायच्या. उठताना भावसिंग सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "जाऊ मंग." एवढं झालं की दुसऱ्या दिवशी अख्खा तांडा चुली, कोंबड्या, शेळ्या, लेकरं घेऊन जिनाच्या मागच्या पडीक जागेत उतरायचा. आला तर सगळा, नाहीतर कोणीच नाही. अर्धा तांडा ही वस्तू जगात नव्हती.

आणि घोडं पेंड खायचं ते इथेच. सगळा यायचा तसा सगळा जायचाही. होळी आली की जिन ओस पडायचं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही होळी. कापूस उदंड झाला होता. नेरकडच्या गाड्या अजून येतच होत्या, आवारात कापसाचे ढीग उघड्यावर पडले होते आणि आभाळ मधूनच काळवंडत होतं. मालक किसनराव आधीच तापट माणूस. मागच्या दोन होळ्यांना तांडा दोन दिवसांचं सांगून गेला आणि आठवड्याने उगवला, हे ते विसरले नव्हते. त्यांनी धावजीला कचेरीत बोलावलं. शेजारी टाइमकीपर नीळकंठराव बसले होते, सडपातळ आणि शांत, कोणाशी वर आवाजात न बोललेले.

"मुकादम, यंदा मी सोय करून ठेवली आहे," किसनराव म्हणाले. "बाहेरमुलखातली माणसं तयार आहेत. चाळीत राहतील, बाराही महिने. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला तुमची माणसं उभी दिसली तर ठीक. नाही दिसली तर तुमचा तांडा पुन्हा या फाटकात यायचा नाही."

 धावजी मालकाच्या रागाला भ्याला नाही, त्याला आठवला आपला मुलगा पूनमसिंग. पूनम तिकडे चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत जायच्या गोष्टी करत होता. जिनाचं काम आहे तोवर बायको जमनी त्याला अडवून धरत होती. काम गेलं तर तो जमनीला आणि दिवाळीत झालेल्या अमरसिंगला घेऊन निघून जाणार, हे नक्की होतं. नातू पाय आपटून हसायला नुकता लागला होता, आणि धावजीचा जीव त्या पायांत अडकला होता.

"येतीन मालक. सगळे येतीन," तो म्हणाला.

"मागच्या साली हेच म्हणाला होतात."

आता हे किसनरावांनी म्हणायला नको होतं. धावजीने काही बोलायच्या आधी त्याचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. त्याने पागडी उतरवली, कचेरीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे घ्या. लोकं मशिनीवर दिसले का मंगच द्या."

 किसनराव टक्कल पडलेल्या त्या लहानशा डोक्याकडे पाहतच राहिले. पागडीखाली एवढंच डोकं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नीळकंठराव उठून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

धावजी बाहेर पडला तो छाती काढून. असा दणका त्याने जन्मात कोणाला दिला नव्हता. तांडा आदल्याच दिवशी पुढे गेला होता, तो एकटाच मागून निघाला. अर्ध्या वाटेपर्यंत तो आपल्याच करामतीवर खूश होता. मग उन्हाने टाळू भाजली, त्याने दुपट्टा डोक्यावर ओढला, आणि एकाएकी जागच्या जागी थांबला.

अमरसिंगचा धुंड.

वर्षात जन्मलेल्या लेकराचा होळीला धुंड करतात. गेरिये म्हणजे तांड्यातले पुरुष लेकराच्या डोक्यावर आडवी काठी धरून तिच्यावर काठ्या वाजवतात, गाऊन आशीर्वाद देतात. बाया खाण्याचे हंडे राखत बसतात आणि पळवायला येणाऱ्या पुरुषांना मनसोक्त झोडपतात. पहिला नातू, आणि आजा बोडका. बोडक्या डोक्याने तांड्यात माणूस उभा राहतो तो घरात कोणी गेलं तरच. धावजीने त्या भर उन्हात स्वतःला अशा शिव्या घातल्या की रस्त्याकडेची शेळीसुद्धा चरायची थांबली.

तांड्याच्या तोंडाशी पहिल्यांदा त्याला पाहिलं ते त्याच्या बायकोने. भुरीबाईला लांबून पागडी दिसली नाही, डोक्यावरचा दुपट्टा तेवढा दिसला. तिने हातातली घागर टाकली आणि गळा काढला. तिचं ऐकून शेजारणीने काढला. बघता बघता कोण गेलं हे माहीत नसताना निम्म्या बाया रडायला बसल्या. एकीने तर आपल्या भावाचं नाव घेऊन सुरुवातही केली, आणि तो भाऊ तिच्या मागेच उभा होता.

"अवो कायले रडता?" धावजी ओरडला. "कोणी मेलं नाई."

"मंग पागडी कुठी हाय?" भुरीबाईने पदराने नाक पुसत विचारलं.

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. नायकाच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, धावजीला जे घडलं ते सांगावं लागलं. सांगताना आवाज खाली खाली जात होता. ऐकून भुरीबाईचं रडं पुरतं आटलं.

"माह्या नातवाचा धुंड, अन् तुमी पागडी गहाण टाकून आले? मलेच ठेवायचं होतं तिथं."

"तुले कोण ठेवून घेते?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि हसू फुटलं. पण पूनमसिंग हसला नाही.

"बापू, त्या मालकाचा इश्वास नाई ना आपल्यावर, मंग काहून जायचं तिथं?" तो म्हणाला. "राहू दे पागडी. दुसरी घेऊ. मी खाणीत जातो, दुसरी आणून देतो."

 पागडी बाजारात मिळते, हे धावजीलाही माहीत होतं. पण शब्दावर ठेवलेली पागडी सोडवली नाही तर दुसरी बांधायला डोकं कुठून आणायचं? त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. तांड्यात त्याला कोणी असं पाहिलं नव्हतं.

भावसिंगने चिलीम बाजूला ठेवली. "धुंड आज्याच्या पागडीशिवाय होत नाई. पागडी लोकायशिवाय सुटत नाई. आता बोला."

बायांच्या घोळक्यातून जमनी पुढे आली. घुंगट ओढलेला, कडेवर अमरसिंग. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे, म्हणून नायकाकडे तोंड करून बोलली.

"होयी इथं पेटवू, धुंड तिथं करू. पागडी इथं येत नाई तं आपण तिच्याकडे जाऊ. माह्यं लेकरू हाय, मी नेतो म्हणतो तं कोण अडवते?"

"जिनात होयी?" एक म्हातारा दचकला. "तिथं बिडी पेटवू देत नाईत."

"धुंडाले आग लागत नाई," जमनी म्हणाली. "काठ्या लागतात, अन् माणसं लागतात."

भावसिंग आधी बारीक हसला, मग त्याला हसू आवरेना. ते पाहून सगळा ओटा हसला. "जाऊ मंग," तो म्हणाला, आणि विषय संपला. पूनमसिंगने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाच्या बोडक्या डोक्याकडे, आणि मुकाट्याने काठ्या शोधायला गेला.

तांड्यातली होळी पहाटे पेटते. ती पेटली, तिच्याभोवती लेंगीची गाणी गाऊन झाली, आणि उजाडताच तांडा वाटेला लागला. डफ पुढे, पुरुष मागे, बाया हंडे घेऊन त्यांच्या मागे. वाटेतल्या गावांनी धुळवड थांबवून हा लोंढा पाहिला. दरवर्षी होळीला यवतमाळहून तांड्याकडे जाणारी माणसं यंदा उलटी चालली होती आणि गाणीही म्हणत होती. धावजी मधोमध, दुपट्टा डोळ्यांवर ओढून, नव्या नवरीसारखा.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने लांबून काठ्या पाहिल्या, आरडाओरडा ऐकला आणि फाटक लावून घेतलं. किसनराव त्या दिवशी ढिगांवर ताडपत्र्या नीट आहेत का ते पाहायला आले होते. त्यांना वाटलं, मोर्चा. ते कचेरीच्या ओसरीवर उभे राहून नीळकंठरावांना म्हणाले, "घ्या. पागडी ठेवून घेतली त्याचा हा परिणाम."

"मालक, मोर्च्यात हंडे नसतात," नीळकंठराव म्हणाले. "आणि ते पाहा, फाटकाशी स्वतःच बिड्या काढून ठेवताहेत."

फाटक उघडलं. धावजी पुढे आला, मागे सगळा तांडा. "मालक, भोंगा उद्याचा हाय," तो म्हणाला. "लोकं आजच आणले. मोजून घ्या."

किसनरावांनी मोजलं नाही. त्यांनी नुसती नजर फिरवली. ओळखीचे सगळे चेहरे तिथे होते, आणि ज्यांनी कधी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्या म्हाताऱ्याही आल्या होत्या.  किसनरावांनी नीळकंठरावांना खूण केली.

नीळकंठरावांचं घर जिनाच्या पाठीमागेच होतं. ते लगबगीने गेले आणि हातात पागडी घेऊन आले. म्हणजे ते पागडी आणणार असं ज्याला त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात आली ती एका लांबलचक कापडाची स्वच्छ, पांढऱ्या रुमालात बांधलेली घडी. पाठोपाठ त्यांच्या पत्नी सुनीतीबाई, तोंड कोमेजलेलं.

"कोणाच्या डोक्यावरची वस्तू, कचेरीच्या फळीवर कशी ठेवायची, म्हणून ह्यांनी घरी आणली, मी देवघराजवळ ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, सणाचं धुऊन द्यावं. रुईचे तंतू सगळे बसले होते. पीळ सुटला तो काही केल्या मला बांधता येईना हो. चुकलंच माझं."

धावजीने कापड हातात घेतलं. इतकं तांबडं ते नवं होतं तेव्हाही नव्हतं. "बाई, चुकलं कायचं," तो म्हणाला, आणि त्याने कापड कपाळाला लावलं. देवघराजवळ, हा शब्द भुरीबाईने शेजारणीला सांगितला आणि तो मागपर्यंत पोचला.

पण आता बांधायची कशी? असली पागडी एकट्याने बांधता येत नाही. दुसऱ्याने दूर उभं राहून कापडाचा शेव ताणून धरावा लागतो. पूनमसिंग पुढे झाला, तर भावसिंगने त्याला हाताने अडवलं आणि ओसरीकडे वळून म्हणाला, "मालक, तुमी उतरवली. आता शेव तुमीच धरा."

 किसनरावांचे कान लाल झाले. मग ते पायऱ्या उतरले, आणि जन्मभर दुसऱ्याच्या हातात दोरी देत आलेल्या त्या माणसाने कापडाचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"ताणून धरा मालक, ढिलं सोडू नका," धावजी म्हणाला. मुकादम शेवटी मुकादमच.

एक वेढा बसला की किसनरावांना एक पाऊल पुढे यावं लागे. वेढे बसत गेले, कापड सरत गेलं, मालक जवळ येत गेले. शेवटी टोक खोचायची वेळ आली तेव्हा दोघं समोरासमोर इतके जवळ होते की एकमेकांचा श्वास लागत होता. किसनरावांनी टोक खोचलं आणि हळूच म्हणाले, "मुकादम, मी मागितली नव्हती. पण ठेवूनही घ्यायला नको होती. यापुढे ही डोक्यावरच राहू द्या."

त्यावर डफ कडाडला. आवारातल्या कडुनिंबाखाली पूनमसिंग लेकराला घेऊन बसला, वर काठी आडवी धरली गेली आणि काठ्या वाजू लागल्या. अमरसिंग आधी भेदरला, मग पाय आपटून हसायला लागला. हंडे पळवायला गेलेल्या पुरुषांना बायांनी सडकून काढलं. टाइमकीपर गर्दीत चुकून पुढे गेले आणि त्यांच्याही पाठीत एक बसली. सुनीतीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग बायांनी किसनरावांना घेरलं. फाग, म्हणजे सणाची भेट, दिल्याशिवाय होळीला कोणी सुटत नाही. त्यांनी खिशात हात घातला, तर जमनीने मान हलवली. "पैसे नको. लेकरायले सावली पाहिजे. आत रुई नाकात जाते, बाहेर ऊन खाते." किसनरावांनी कडुनिंबाकडे पाहिलं आणि उद्याच तट्ट्याची खोपटी घालून देतो म्हणाले. आणि दिली. परमुलखातल्या माणसांना नको असं कळवायला त्यांनी त्याच संध्याकाळी माणूस पाठवला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा पूनमसिंग गाठींच्या प्रेसवर सगळ्यांच्या आधी उभा होता. खाणीचं नाव त्याने काढलं नाही. धावजीही त्याला काही विचारायला गेला नाही. तो आवारभर मिरवला, फाटकाशी तीनदा वाकला.

दुपारच्या सुट्टीत तो नव्या खोपटीच्या सावलीत नातवाला मांडीवर घेऊन बसला. अमरसिंगच्या हाताला पागडीचं टोक लागलं. त्याने ते मुठीत धरलं आणि ओढलं. सैल झालेला एक वेढा खाली आला, मग दुसरा.

"अवो, सुटून राह्यली ना," भुरीबाई ओरडली. "सारं जिन पाहून राह्यलं."

"पाहू दे," धावजी म्हणाला. त्याने मान आणखी खाली वाकवली, पोराला नीट ओढता यावं म्हणून. "ओढ बावा, ओढ. तुह्याच पायी उतरवली होती."