शेवटच्या परागाची बरणी

माझी धाकटी जाऊ मधमाश्या पाळते. फुलांवरून परतणाऱ्या माशीच्या पायांना परागाचे गोळे चिकटलेले असतात. पेटीच्या दाराशी बसवलेल्या जाळीतून शिरताना ते गळून खालच्या खणात पडतात. लोक हा पराग चमचाभर खातात. मात्र तो ओला असतो, म्हणून काढल्या दिवशीच मंद उष्णतेवर वाळवावा लागतो. हे काम माझे दीर करीत असत.

ज्या सकाळी त्यांनी खण रिकामे केले, त्याच दुपारी ते गेले. घरात माणसांची रीघ लागली. वाळवणीच्या खोलीतील ताटांकडे कोण पाहणार? माणसे पांगल्यावर जावेने तो पराग वाळवून बरणीत भरला. दिसायला तो सोन्यासारखा होता. तिला तो विकवेना, खाववेना आणि टाकवेनाही. भरदुपारी त्या बंद खोलीत कोणीतरी ताटे हलवीत आहे, असे तिला ऐकू येई. "अहो, राहू द्या आता," असे रिकाम्या खोलीला सांगताना मी तिला स्वतः ऐकले आहे.

पुढे तिची गरोदर लेक घरी आली. आल्याआल्या तिने बरणी उचलली.

"आई, हा बाबांच्या हातचा ना? बाळाला आजोबांचं एवढं तरी मिळू दे."

"खाली ठेव. चिमूटभर तपासायला दिला होता. बुरशीचं विष निघालंय त्यात."

"पण तू वाळवलास ना?"

"वाळवल्यानं बुरशी थांबते गं, तिनं सोडलेलं विष जात नाही."

"बाबांच्या हातचं विष कसं होईल? काकू, तुम्ही तरी सांगा हिला!"

मी म्हणाले, "बुरशीला नातीगोती कळत नाहीत, बाई."

"मग इतके दिवस ठेवलास कशाला?"

जाऊ हळूच म्हणाली, "हा गेला, की तो आवाजही जाईल म्हणून."

तरीही तिनेच परसातील खड्ड्यात बरणी उपडी केली आणि वर चुना ओतला. लेक काठाशी वाकली आणि मूठ मिटून उभी राहिली.

"उघड."

"काठावर सांडलेले चारच दाणे आहेत, आई. खाणार नाही. नुसते जपून ठेवीन."

"मीही असंच म्हटलं होतं."

जावेने तिची बोटे एकेक करून सोडवली. वडील गेले तेव्हा न रडलेली ती मुलगी तेव्हा प्रथमच रडली. जावेने तिचा तळहात साबणाने दोनदा धुतला आणि कितीतरी वेळ आपल्या पदरात धरून ठेवला.