फायरप्लेसची मागची रुंदी

वडिलांनी आमची फायरप्लेस वितीनं मोजली, तेव्हाच मला राग आला होता. मी हातात टेप घेऊन शेजारी उभा होतो. ते गुडघ्यांवर बसले, विटांच्या त्या काळ्या कोनाड्यात डोकं घातलं, अंगठा आणि करंगळी ताणून एकेक वीत टाकत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "समूर साडेतीन वीत. माघारी अडीच बी न्हाई."

"आबा, इथं वीत चालत नाही. इंच लागतात."

"मग इंचानं मोज की. पन माघारनं बी मोज."

मी बाहेरूनच रुंदी, उंची, खोली मोजली, रुंदी एकतीस इंच असं लिहून घेतलं आणि उठलो. त्यांनी सांगितलं म्हणून, त्यांच्यादेखत गुडघ्यांवर बसून आत डोकं घालायचं, हे मला त्या दिवशी जमलं नाही. पुढचं सगळं एवढ्याशा गोष्टीवरून झालं.

आमचं घर टोरांटोच्या उत्तरेला आहे. जुनं, एकमजली, लहान. बैठकीच्या खोलीतली फायरप्लेसही घरासारखीच लहान आणि उघडी. अशा उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड पेटवलं की ऊब चिमणीतून वर निघून जाते आणि जाताना घरातली गरम हवाही ओढून नेते. त्यावर उपाय म्हणजे इन्सर्ट. समोर काचेचं दार असलेली बंद लोखंडी शेगडी. ती त्या कोनाड्यात आत सरकवून बसवतात आणि तिच्या डोक्यावरून चिमणीत पोलादी नळी सोडतात.

ती मला वडिलांसाठी हवी होती. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत होते. ऑगस्टमध्ये मी त्यांना इकडे आणलं. परतीचं तिकीट नोव्हेंबर अखेरचं होतं, पण व्हिसाची मुदत बरीच पुढची होती आणि निदान हा एक हिवाळा त्यांनी माझ्याकडे काढावा असा माझा हट्ट होता. ऑक्टोबरात घरातली फर्नेस सुरू झाली. जमिनीतल्या जाळीतून येणाऱ्या गरम हवेवर त्यांनी हात धरला आणि लगेच मागे घेतला.

"ह्येला ना उजेड, ना वास. जाळ दिसल्याबिगर मला ऊब लागत न्हाई. घरात जाळ केलास तर शिमग्यापतुर थांबतो. न्हाईतर माझं तिकीट हाय."

बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्यांना थांबायचं असेल तर थांबतील. शेगडीला बांधून ठेवणार आहेस का त्यांना?"

मी होय म्हणालो.

वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गुऱ्हाळात चुलाणाला जाळ घातला. वर कढईत उसाचा रस, खाली खड्ड्यासमोर बसून वाळलेली चिपाडं आत सारत राहायची. जाळ कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर करपतो, आणि दोन्ही वेळा बोलणी जाळ घालणाऱ्यालाच बसतात. त्या कामावर मी तालुक्याच्या शाळेत शिकलो आणि पुढे सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी एक दिवसही विसरलेलो नाही. पण एखाद्याचे उपकार मानणं वेगळं आणि त्याच माणसाबरोबर एका छपराखाली तीन महिने काढणं वेगळं. माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूत त्यांना खोट दिसे. डिशवॉशर म्हणजे भांडी कोंडून ठेवायची पेटी. गालिचा म्हणजे धूळ साठवायची सोय. मी उलट उत्तर देई, मग दोन-दोन दिवस आम्ही बायकोमार्फत बोलत असू.

इन्सर्टचं दुकान शेजारच्या वॉन शहरात, गोदामांच्या रांगेत होतं. सेल्समन पंचविशीचा, हसरा. त्याने आम्हाला सरळ सगळ्यात मोठ्या इन्सर्टसमोर नेलं. "गो बिग, सर. यू कॅन ऑलवेज टर्न इट डाउन."

वडील तिथं थांबलेच नाहीत. कोपऱ्यात एक बुटका नग होता, त्याचं दार उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, हवेचा दांडा दोनदा ओढून पाहिला आणि मग त्याच्या मागच्या बाजूवर वीत टाकली. दुकानातली दोन माणसं बघत होती.

"आबा, हात लावू नका."

"शेगडी न चाचपता घ्यायची? पोरगी बघायला आलोय व्हय?" मग मोठ्या इन्सर्टकडे हनुवटी करून म्हणाले, "ती नको. ही घे."

"इथं उणे पंचवीस होतं, आबा."

"हुईना का. घर केवढं तुझं? ती पेटली की घटकाभरात तुमी खिडक्या उघडशिला. मग तिची हवा तोडशिला. हवा तोडली की लाकूड जळत न्हाई, नुसतं धुमसतं. समदं डांबर चिमणीत. मग एक दिवस चिमणीच पेटंल."

सेल्समनने विचारलं, वडील काय म्हणताहेत?

"ही लाइक्स द बिग वन," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. बिग एवढं त्यांना कळत होतं.

मग फॉर्म आला. समोरची रुंदी, उंची, खोली, मागची रुंदी. पहिले तीन रकाने मी कागद बघून सांगितले. चौथ्याला सेल्समनचं पेन थांबलं. अडीच वीत म्हणजे बावीस इंचाच्या आतबाहेर, हा हिशेब माझ्या डोक्यात त्याच क्षणी झाला होता. तरी मी म्हणालो, "ऑलमोस्ट सेम. ट्वेंटी-एट." त्याने ते लिहिलं.

गाडीत बसल्यावर वडील म्हणाले, "खोटं बोललास."

"आबा, मी चार वर्षं हेच शिकलोय. उष्णता, हवा, ज्वलन, सगळं. नुसता जाळ घालून इंजिनिअरिंग येत नाही."

ते खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "मग तुझं कशानं आलं?"

घर येईपर्यंत मी गाडी चालवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन माणसं इन्सर्ट घेऊन आली. वडील माकडटोपी घालून, चहाचा कप धरून सोफ्यावर बसले होते. माणसांनी जमिनीवर जाड कापड अंथरलं आणि ते धूड ढकलत आणलं. अर्ध्यावर ते विटांना घासलं आणि थांबलं. त्यांनी ते बाहेर काढलं, थोडं तिरकं करून पुन्हा सारलं, पुन्हा थांबलं. मग मोठा होता तो गुडघ्यांवर बसला, टेप घेऊन आत गेला आणि आतूनच ओरडला, "ट्वेंटी-टू ॲट द बॅक! हू मेजर्ड धिस?"

"मी," मी म्हणालो.

सोफ्यावरून आवाज आला, "विचार त्येस्नी, वीत किती इंचाची असती."

बायको कप उचलायच्या निमित्ताने आत निघून गेली. मी त्या माणसांना दोनदा सॉरी म्हणालो. वडिलांना एकदाही म्हणालो नाही. चूक माझी, ती मला दिसत होती, आणि तरी त्या क्षणी मला राग येत होता तो ते बरोबर ठरल्याचाच.

मोठं इन्सर्ट परत गेलं. मी दुकानाला फोन करून तोच बुटका नग मागवला. सहा आठवडे लागतील असं कळलं. वडिलांच्या विमानाला तीन उरले होते.

"तिकीट पुढं ढकलतो," मी जेवताना म्हणालो. "तुम्ही सांगितली तीच शेगडी मागवलीय."

"मी म्हनलं हुतं, जाळ केलास तर थांबतो. केलास?"

"येतेय की सहा आठवड्यांत."

"सहा आठवडं मी हितं काकडत बसू? कशापायी? तुझी चूक शेकत?"

"मग जा," मी म्हणालो. "गावी एकटे बसा चुलीपुढं."

बायकोने ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "पुरे." वडिलांनी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून तो खाल्ला, हात धुतले आणि खोलीत जाऊन बॅग काढली. तिकिटाला अजून तीन आठवडे होते. ती बॅग तेवढे दिवस खोलीच्या मध्यावर उघडी पडून होती आणि रोज तिच्यात एखादा कपडा वाढत होता. मी तिला वळसा घालून जात असे. "राहा" हा एक शब्द मी तेव्हा म्हणायला हवा होता. विमानतळावरही मी एवढंच म्हणालो, "गोळ्या वेळेवर घ्या."

डिसेंबरच्या शेवटी बुटकं इन्सर्ट आलं आणि एका दमात आत सरकलं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. विम्यासाठी तपासनीस येऊन कागदावर सही करून गेला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. शनिवारी सकाळी मी पहिला जाळ केला आणि गावी संध्याकाळ असेल असा विचार करून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. फोन काचेसमोर धरला. पडद्यावर त्यांची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, बघताहेत.

"लाकूड वलं हाय," ते म्हणाले.

"वाळलेलं आहे, आबा. लाकूडवाल्यानं लिहून दिलंय."

"आवाज येतोय त्येचा."

"फोनचा असेल."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी काचेचं दार किंचित उघडलं. मधल्या ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला फेस आला होता आणि त्यातून पाणी बारीक चरचरत निखाऱ्यांवर गळत होतं. मी त्यांना परत फोन केला नाही. दार लावलं, हवेचा दांडा ओढून हवा पूर्ण मोकळी केली आणि ते पाणी आटेपर्यंत गुडघ्यांवर तिथंच बसून राहिलो.